सासऱ्यांचा रुंबा

[ मार्च ]

सातोए बाजारातून परत आली तेव्हा तिचा नवरा भिंतीतल्या कपाटात बसलेला होता. सरकतं दार आतून ओढून घेतलेलं, फटीतून बॅटरीचा उजेड.

"योशी, आत काय करतोयस?"

"ओल आलीय का बघतोय."

"आलीय?"

"थोडीशी. काळजीचं कारण नाही."

काळजीचं कारण नाही, हे योशिनोबु कागेयामाचं आवडतं वाक्य. हामामात्सुत निम्मं गाव वाद्यांच्या कारखान्यांवर जगलेलं. हा मात्र चष्म्याच्या दुकानाचा मालक. तरीही जुने सिंथेसायझर आणि जुन्या तालपेट्या यांतलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही याची त्याला खात्री होती. खात्री ही त्याच्याकडे घाऊक भावाने आलेली गोष्ट होती.

आज सकाळीच महामार्गावरच्या जुन्या मालाच्या दुकानात, भात शिजवायच्या मोडक्या कुकरांच्या मागे, त्याला ती दिसली होती. लाकडी पेटी, पोटातच स्पीकर, पुढ्यात हस्तिदंती रंगाच्या बटणांची रांग: मार्च, वॉल्ट्झ, स्विंग, रुंबा. पूर्वी घरगुती ऑर्गनच्या शेजारी ठेवायचे तसली. वर चिकटवलेलं कार्ड: 'जंक. तपासलेलं नाही. परत घेतलं जाणार नाही.' साधी माणसं असलं कार्ड वाचून पुढे जातात. योशिनोबुच्या जातीची माणसं ते वाचून इकडे तिकडे बघतात आणि वस्तूवर हात ठेवतात.

कपाटात त्याने तिला वीज दिली. लाल दिवा लागला. आवाज नाही. मग त्याने या छंदातला प्रत्येक जण करतो तेच केलं. बटणांच्या फटींत साफसफाईचा फवारा मारला, तो खोलवर मुरावा म्हणून सगळी बटणं एकदम दाबून ठेवली, आवाजाची कळ घासून मोकळी करायला शेवटपर्यंत फिरवली आणि 'सुरू'चा खटका खाली केला. एवढ्यात सातोएचा आवाज आला. त्याने विजेच्या पट्टीवरचं मोठं बटण बंद केलं, पेटी हिवाळी रजयांमागे ढकलली आणि कपाळ पुसत बाहेर आला.

"वास कसला येतोय?" सातोएने विचारलं.

"ओलीचा."

[ वॉल्ट्झ ]

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली, घरातली एकमेव ऊन येणारी, योशिनोबुच्या यंत्रांनी भरलेली होती. वसंतात सातोएची आई फुमिए कायमची राहायला आली आणि स्वयंपाकघरामागच्या काळोख्या खोलीत झोपू लागली. तिने एकदाही तक्रार केली नाही. रोज सकाळी फक्त म्हणायची, "आज बाहेर ऊन आहे म्हणतात."

शेवटी सातोएने तह केला होता, तोही वडिलांच्या देव्हाऱ्यासमोर, घंटा वाजवून. आहेत ती यंत्रं राहतील, खोलीही राहील. पण यापुढे एक जरी नवीन आलं, तरी खोली आईची.

"एकही नाही," योशिनोबु म्हणाला होता. "लिहून देऊ?"

"नको. बाबांना सांगितलंस तेवढं पुरे."

बाबा, म्हणजे सासरे तोकुजी, आयुष्यभर कर खात्यात होते. शेजारी जागे असतील म्हणून रेडिओ उशीखाली ठेवून ऐकायचे. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध होतं, खाली देव्हाऱ्याच्याच खोलीत. कपाटही त्याच खोलीत होतं. पण रजयांमागे कोण बघणार? परवा सगळं शांत झालं की पेटी वर न्यायची, इतर पेट्यांमध्ये मिसळून टाकायची. सातोएला त्या सगळ्या सारख्याच दिसत.

"तू सगळ्यांना एकाच नजरेने बघतेस, हे मला फार आवडतं," तो रात्रीचं जेवताना म्हणाला.

सातोएने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "काय घेऊन आलायस?"

"मी? काही नाही!"

फुमिएने लोणच्याचा मुळा कुरकुरवला. 

[ स्विंग ]

श्राद्धाच्या सकाळी थंडी पडली होती. देवळातली दोन माणसं घेऊन गुरुजी आले. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत. पाहुणे गुडघे मुडपून ओळीत बसले: टोकाला मिसाओ आत्या, म्हणजे तोकुजींची धाकटी बहीण, मग फुमिए, मग इतर. योशिनोबु जावई म्हणून पुढे.

"गुरुजींच्या पायाशी हीटर हवा," सातोए पुटपुटली. "पण भिंतीतला प्लग देव्हाऱ्याच्या दिव्याने अडवलाय."

"कपाटात पट्टी आहे ना," फुमिए म्हणाली. "ओल घालवायचं यंत्र लावतो ती."

"मी लावतो!" योशिनोबु उठायला गेला. अर्धा उठला, आणि गुरुजींनी घंटा वाजवली. विधी सुरू झाला की जावयाने उभं राहायचं नसतं. तो खाली बसला. सातोएने बसल्या बसल्या फटीतून हात घातला, हीटरची वायर खोचली आणि मोठं बटण दाबलं.

हीटर लाल झाला. कपाटातून काहीच आवाज आला नाही.

बघा, योशिनोबुने मनात म्हटलं. मुकी आहे ती. काळजीचं कारण नाही.

[ सगळी बटणं एकदम ]

गुरुजींच्या समोर लाकडाचा पोकळ मासा असतो. त्यावर ठोका देत सूत्र म्हणायचं. पोकु, पोकु, पोकु, पोकु. जुन्या पेटीचं मात्र असं असतं की फवारा मुरायला एक रात्र लागते आणि पोट गरम व्हायला थोडा वेळ.

पोकु, पोकु, पोकु
  टिक्
पोकु, पोकु, पोकु
  टिक्… टिक्-चक्
पोकु, पोकु
  टिक्-टिक्-चक्, टक्का-टक्

रुंबा. रजयांमधून येत असल्यामुळे जरा लोकरीचा, पण रुंबाच.

कोणीही मान वर केली नाही. आपल्याकडे श्राद्धात मान वर करत नाहीत. मिसाओ आत्याला वाटलं, देवळाने काहीतरी नवीन सुरू केलंय. देवळाच्या माणसांना वाटलं, कागेयामांच्या घरची पद्धत असावी. चुलत काकांनी गुपचूप स्वतःचा फोन चाचपला. आणि गुरुजींना वाटलं, आपले कान. सूत्र अर्ध्यात तोडता येत नाही. त्यांनी माशावरचा ठोका हळूहळू सरकवला आणि रुंब्यात नेऊन बसवला.

छान बसला. सूत्राला एकदम चाल आली. मागच्या रांगेत नेहमी पेंगणारे दोघे जागे झाले.

योशिनोबु मात्र पायांवर बसून गोठला होता. पाय केव्हाच बधिर झाले होते. गुडघ्यांखाली आपलं काही आहे याचा त्याला पुरावा मिळत नव्हता.

  टिक्-टिक्-चक् धप्

वॉल्ट्झ जागा झाला. तीनचा ठेका चारच्या ठेक्यात घुसला. गुरुजींचा आवाज थोडा डगमगला, मग वाकून दोन्हींच्या मधून निघाला. त्यांच्या मानेवर घाम चमकला.

  धप् चक् टिक् धप् टर्रर्र

मार्च आला. ढोलासकट.

"योशी," सातोए ओठ न हलवता म्हणाली.

"हं."

"ओल बोलतेय."

नेमका त्याच वेळी धूप वाहायचा क्रम आला. आधी फुमिए उठली. ती देव्हाऱ्याकडे चालत गेली, चिमूटभर धूप वाहिला, परत आली. आणि योशिनोबुने शपथेवर सांगितलं असतं, की येताना तिचं पाऊल ठेक्यावर पडत होतं. मिसाओ आत्याचं तर कंबरेसकट.

मग जावयाची पाळी. ही संधी, योशिनोबुने ठरवलं. उठायचं, वाटेत कपाटाला पाठ टेकवायची, मागे हात घालून पट्टी बंद करायची. सोपं होतं. तो ऐटीत उठला. पाय उठले नाहीत. तो उभ्याचा आडवा झाला, खांदा सरकत्या दारावर, आणि कागदाचं दार चौकटीतून निघून त्याच्यासकट आत गेलं.

रजया गडगडल्या. त्यांच्या मागे, लाल दिवा लावून, सगळी बटणं दाबलेली पेटी बसली होती आणि सगळ्यांच्या देखत, पूर्ण आवाजात, ज्या गावात तिची पैदास झाली त्या गावाला मान द्यावा तशी वाजत होती.

[ विराम ]

गुरुजींनी सूत्र संपवलं. शेवटचा ठोका दिला. पेटीने आणखी दोन दिले.

[ रुंबा ]

योशिनोबुने पडल्या पडल्या खटका वर केला. एवढी शांतता तोकुजींच्या घरातही कधी नव्हती.

गुरुजी वळले. "हे कोणी ठेवलं?"

सातोए नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत पूर्वेकडची खोली रिकामी झालेली दिसत होती. योशिनोबु बसता झाला. केसांत कागदाचे तुकडे होते, पण चेहऱ्यावर, सवयीने, खात्री आली.

"मी, गुरुजी. बाबांसाठी."

"बाबांसाठी?" सातोए.

"त्यांना रुंबा फार आवडायचा. म्हटलं, वर्षातून एक दिवस तरी त्यांच्या आवडीचं व्हावं. बाकीची बटणं चुकून दाबली गेली. मी काही ही माझ्यासाठी नाही घेतली."

सगळ्यांच्या माना फुमिएकडे वळल्या. कर खात्यातला माणूस आणि रुंबा; खरंखोटं तीच सांगणार. फुमिएने पेटीकडे बघितलं. जावयाकडे बघितलं. ओंजळीतली जपमाळ सारखी केली.

"फार," ती म्हणाली. "वेड होतं त्यांना."

योशिनोबुच्या जिवात जीव आला. खोटं बोललो आपण, आणि सासू मदतीला आली. काय बाई आहे!

"रेडिओ उशीखाली उगाच ठेवायचे का?" मिसाओ आत्याने डोळे टिपले. "आम्हाला वाटायचं, बातम्या."

"साठ वर्षं सूत्र म्हणतोय," गुरुजी चहा घेत म्हणाले, "आज पहिल्यांदा कोणी झोपलं नाही. पुढच्या वर्षी मात्र तो तिसरा ढोल नको. म्हातारा आहे मी."

मग भातावर भाजलेल्या वाम माशाचे डबे उघडले, संत्री फिरली आणि जावयाचं कौतुक झालं. योशिनोबुने पाय चोळत ते सगळं घेतलं. डबे रिकामे होत आले तेव्हा फुमिएने हळूच गळा साफ केला.

"जावईबापूंनी एवढं केलंय, तर माझं एक ऐका. ती पेटी यांच्याजवळच राहू दे. देव्हाऱ्यापाशी."

"अर्थात, आई!"

"पण ही खोली दमट. तुम्हीच कपाटात बसून बघितलंत. पेटी खराब होईल. यांना वाईट वाटेल."

"तेही खरं."

"आणि यांना ऊन फार आवडायचं."

योशिनोबुने तोंड उघडलं. तोकुजींना ऊन आवडायचं की नाही, हे विचारायचं तर आधी रुंब्याचं विचारावं लागलं असतं. समोर गुरुजी मान डोलवत होते, आत्या मान डोलवत होती. सातोए गालातल्या गालात हसत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला आपण कोणाची मुलगी आहोत ते नव्याने कळत होतं.

"पूर्वेकडची खोली," फुमिए म्हणाली. "देव्हारा तिथे, पेटी तिथे, आणि दिवाबत्तीला मी तिथे. तुमची हरकत नसेल तर हं."

"हरकत?" योशिनोबु म्हणाला. "छे. काळजीचं कारण नाही."

[ पुन्हा सुरू ]

त्याच्या यंत्रांना घरभर जागा मिळाल्या. एक जिन्यात, दोन पलंगाखाली, सगळ्यात मोठा सिंथेसायझर स्वयंपाकघरामागच्या काळोख्या खोलीत. रोज सकाळी वर फुमिए देव्हाऱ्यापुढे भाताची वाटी ठेवायची, घंटा वाजवायची आणि रुंबा लावायची. हात लावायची परवानगी योशिनोबुला नव्हती. वस्तू आता बाबांची होती. तो जिन्यात बसून ऐकायचा. ठेका थोडा मागे पडतोय हे त्याला कळायचं. तो कानांवर हात ठेवायचा.

एकदा चहा पिताना फुमिए सहज म्हणाली, "जावईबापू, वॉल्ट्झची झांज दबकी येते. हे सगळ्याच पेट्यांचं असतं, की हिचंच?"

"हिचंच. आतला एक भाग थकलाय."

"आणि टाळ्यांचा आवाज येणारी असते म्हणे एक?"

"असते. नंतरच्या काळातली." तो सावध झाला. "का?"

"काही नाही. यांना टाळ्या आवडायच्या."

सातोए भांडी घासता घासता म्हणाली, "आई, बाबांना काय काय आवडायचं याची आता हद्द झाली हं. एकही नवीन यंत्र नाही. नियम नियम आहे."

"मी कुठे काय म्हणाले?" फुमिए म्हणाली.

डिसेंबरात पहिला बर्फाळ वारा सुटला. सातोएने त्याला जाड रजई आणायला पाठवलं. योशिनोबुने खालच्या खोलीतल्या कपाटाचं नवीन कागद लावलेलं दार सरकवलं, रजई ओढली आणि थबकला. वास आला. ओलीचा नव्हे.

त्याने दुसरी रजई बाजूला केली. मागे एक करडी पेटी होती, कोपऱ्यावर कार्ड: 'जंक. तपासलेलं नाही. परत घेतलं जाणार नाही.' फटी फवाऱ्याने ओल्या होत्या. आणि सगळी बटणं, टाळ्यांच्या बटणासकट, एकदम दाबून ठेवलेली होती.

आवाजाची कळ मात्र शून्यावर होती. आपल्याला हे सुचलं नव्हतं, हे योशिनोबुने मनातल्या मनात कबूल केलं.

"जावईबापू," मागून हलकेच आवाज आला. फुमिए हातात बॅटरी घेऊन उभी होती. "आत सरका जरा. आणि दार लावून घ्या, सातोए येतेय."