गोगलगायीचे दात

त्या गल्लीच्या कोपऱ्यावर, भिंतीत दोन फरशा बसवलेल्या आहेत. दोन्ही तळहाताएवढ्या, दोन्ही चिनी मातीच्या. डावीवर गोगलगाय, उजवीवर कासव. मध्ये अंतर वीतभर. गोगलगायीची फरशी ऊन खाऊन फिकी पडली आहे. कासवाची सावलीत असल्यामुळे अजून चकाकते, आणि गोगलगाय आळीच्या मते हासुद्धा कासवांचाच कावा आहे!

इटलीतल्या सिएना शहरात वीतभर अंतर म्हणजे पुष्कळ झालं. डावीकडे जन्मलेला माणूस उजवीकडे मीठ मागायला जात नाही. उन्हाळ्यात दोनदा मोठ्या चौकात पालिओच्या शर्यतीचे घोडे धावतात, शहरातल्या आळ्या एकमेकींच्या उरावर बसतात, आणि त्यांत या दोघींचं वैर फार चिवट. जगातले दोन सर्वांत संथ प्राणी शर्यतीवरून भांडतात, याचं या भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणालाही हसू येत नाही.

पालिओच्या आदल्या दिवशी दुपारी नेदो बांदिनेल्ली त्या फरशांखाली उभा होता. वय एकोणचाळीस, धंदा कवळ्या करण्याचा, आळी गोगलगाय. गळ्यातला आळीचा रुमाल त्याने काढून, चार घड्या घालून, शर्टाच्या आत छातीशी लपवला होता.

"तू काही बोलू नकोस," तो मिरियाला म्हणाला. "घर बघू, हो म्हणू, बाहेर पडू. पंधरा मिनिटांचं काम! मी कुठला ते त्या बाईला मरेपर्यंत कळणार नाही. असल्या गोष्टी मला चांगल्या जमतात."

मिरिया शाळेत विज्ञान शिकवायची. ती ग्रोसेतो गावाकडची, तिला ना कासव ना गोगलगाय. तिला दोन खोल्या आणि आतून लागणारी कडी हवी होती. नऊ वर्षं तिचं आणि नेदोचं लग्न ठरलेलं होतं. "घर मिळालं की करू," असं नेदो म्हणायचा, आणि घर दाखवलं की म्हणायचा, "बघू या."

एक घर वेशीबाहेर होतं. वेशीबाहेर म्हणजे परदेश! एक घर वेशीच्या आत होतं, पण त्याच्या मोरीच्या खिडकीतून कासवांच्या घोड्याचा तबेला दिसायचा. एक तर अगदी गोगलगाय आळीतच होतं, पण मम्माच्या घरापासून फार लांब पडत होतं. पाच घरं सोडून!

आता मात्र ग्रोसेतोच्या शाळेने मिरियाला परत बोलावलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"नेदो, आज जर तू 'बघू या' म्हणालास," ती फरशांकडे बघत शांतपणे म्हणाली, "तर मी सोमवारी हो म्हणून कळवते. रागावून नाही. दमले म्हणून."

मिरिया ओरडली असती तर नेदोला बरं वाटलं असतं. त्याने श्वास घेतला आणि वीतभर अंतर ओलांडलं.

घराची मालकीण, सिन्योरा आर्मिदा, चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा. खालच्या मजल्यावर स्वतः राहायची, वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. दार उघडून ती तोंडभर हसली, आणि नेदोची दातखीळ बसली.

ते हसू त्याचं होतं! म्हणजे हसणारी ती होती, पण दात त्याने केलेले होते. वरची कवळी खोटी वाटू नये म्हणून डावा सुळा त्याने मुद्दाम केसभर तिरका बसवला होता. तो सुळा आता कासव आळीत, कासवाच्या तोंडात, त्याचं स्वागत करत होता.

'कवळी करणारा पडद्यामागे असतो,' त्याने मनाची समजूत घातली. 'माप दातांचा डॉक्टर घेतो. हिने मला कधी पाहिलेलंच नाही.'

"या, या! कुठल्या आळीचा रे तू, पोरा?"

"मी? मी कुठल्याच आळीचा नाही, सिन्योरा! मी ग्रोसेतोचा."

मिरियाच्या भुवया वर गेल्या. त्या खाली यायला वेळ लागला.

"अस्सं? ग्रोसेतोत कुठे?"

"स्टेशनजवळ."

खरं म्हणजे नेदो नऊ वर्षांत ग्रोसेतोला एकदाच गेला होता. मिरियाच्या आईवडिलांनी स्टेशनवर येऊन त्याला कॉफी पाजली आणि पुढच्या गाडीने तो परत आला, कारण संध्याकाळी आळीत ढोलाची तालीम होती.

"छान जागा हो, स्टेशन म्हणजे," आर्मिदा म्हणाली आणि पुढे होऊन जिना चढू लागली.

घर बघून नेदोला रडावंसं वाटलं, इतकं ते चांगलं होतं! लाल विटांची जमीन, जाड भिंती, ऑगस्टातही गार. खिडकीतून खाली ऑलिव्हची झाडं आणि पलीकडे टेकड्या. खिडकीच्या ओट्यावर जिरेनियमची एक जुनी कुंडी.

"माझी अट एकच," आर्मिदा म्हणाली. "ही कुंडी हलवायची नाही. रोज पाणी घालायचं, आणि माती तर अजिबात बदलायची नाही."

"नाही बदलणार," मिरिया म्हणाली. ती आतल्या खोलीची कडी लावून-काढून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद नेदोने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"मग ठरलं तर!" नेदो घाईघाईने म्हणाला. "आम्ही निघतो."

"निघता कसे? आज आळीचं जेवण आहे. शेजाऱ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाला घर देत नाही. माझ्या शेजारी बसा. दोन घास खा, दोन गाणी म्हणा, मग हो-नाही सांगा."

"आज? अहो, पण मला…"

"ग्रोसेतोला जायचंय?"

नेदोला जायचं होतं ते भिंतीपलीकडे, कारण आज गोगलगाय आळीचंही जेवण होतं आणि मम्माने त्याची खुर्ची राखून ठेवली होती.

सूर्य टेकड्यांवर टेकला तसा गल्लीभर टेबलांची रांग लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात पिवळा-निळा रुमाल. नेदो लग्नात शिरलेल्या चोरासारखा अंग चोरून बसला. समोर दुइलिओ नावाचा खाटीक होता. त्याचा एकेक हात नेदोच्या मांडीएवढा.

"उघडी मान बरी दिसत नाही," आर्मिदा म्हणाली, आणि काही कळायच्या आत तिने कासवांचा रुमाल त्याच्या गळ्याशी धरला. "पाहुणा आहेस. बांधू?"

मानेवर पाल पडली असती तर नेदो इतका दचकला नसता! छातीशी लपवलेला स्वतःचा रुमाल त्याला चटका देऊ लागला. त्याने मिरियाकडे पाहिलं. ती बशीतल्या पिचीच्या जाड शेवया काट्याला गुंडाळत होती, आणि त्याच्याकडे अजिबात बघत नव्हती. मुद्दाम.

"बांधा," नेदो म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

खिशातला फोन थरथरला. मम्मा. त्याने टेबलाखाली वाकून घेतला.

"कुठे आहेस? शेवया थंड होतायत!"

"दातांचं काम निघालंय, मम्मा."

"पालिओच्या आदल्या दिवशी? कुणाचे मेले ते दात?"

"नंतर सांगतो!"

तेवढ्यात गाणी सुरू झाली. सिएनात चाल सगळ्या आळ्यांची एकच, शब्द तेवढे वेगळे. पहिलं गाणं कासवांच्या शौर्याचं होतं. नेदोने नुसते ओठ हलवले. दुसरं गोगलगायीवर होतं. गोगलगाय कशी भित्री, कशी चिकट, तिची आई कशी आणि तिचा घोडा कसा! दुइलिओ डोळे मिटून गात होता. आर्मिदा तर टाळ्या पिटत गात होती, आणि प्रत्येक शिवी नेदोने घासून, पॉलिश करून, केसभर तिरक्या बसवलेल्या सुळ्यावरून सुटून येत होती. स्वतःच्या हातची कारागिरी स्वतःच्या आईला शिव्या देतेय, हे दुःख फार थोड्या कारागिरांच्या वाट्याला येतं!

तरीही नेदो टिकला. चेहरा सरळ ठेवला, ओठ हलवले, एकदा तर टाळीसुद्धा वाजवली. त्याला वाटलं, जमलं! मिरियाला घर मिळालं!

आणि मग छपरांवरून ढोल ऐकू आला.

गोगलगाय आळीचा ढोल. नेदो सोळाव्या वर्षापासून तोच वाजवत आला होता. त्यांच्या उस्तादाने एक खोड शिकवली होती: सरळ ठोक्यामागून एक ओढता ठोका, पाय घासत आल्यासारखा. नेदोचं तोंड त्याच्या ताब्यात होतं, डोळे ताब्यात होते. बोटांना मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. ती टेबलावर वाजू लागली. सरळ, सरळ, आणि मग ओढता. चमचे नाचू लागले. नेदो खुशीत मान डोलावू लागला.

दुइलिओचं गाणं थांबलं. मग शेजारच्याचं. मग हळूहळू सगळ्या टेबलाचं. शेवटी गल्लीत फक्त नेदोची बोटं वाजत होती.

"हा ठोका," दुइलिओ उठून उभा राहत म्हणाला, "ग्रोसेतोचा नाही."

नेदोने बोटांकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाची असावीत तसं.

"गोगलगाय!" कुणीतरी ओरडलं. "आपल्या टेबलावर! आपला रुमाल घालून!"

"बस खाली, दुइलिओ," आर्मिदा म्हणाली.

"काकू, अहो, हा…"

"बस म्हटलं ना! मला पहिल्यापासून माहीत आहे."

"कसं काय?" हे दुइलिओने आणि नेदोने एकदमच विचारलं.

आर्मिदाने तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली आणि पिचीच्या बशीशेजारी ठेवली. समोरची दोन माणसं मागे सरकली.

"हे कुणी केले?" ती पोकळ आवाजात म्हणाली. "दातांच्या डॉक्टरने मला आधीच विचारलं होतं. म्हणाला, सिन्योरा, असं काम करणारा माणूस एकच आहे, नेदो बांदिनेल्ली, पण तो गोगलगाय आहे, चालेल का? म्हटलं, बाबा रे, चावता आलं म्हणजे झालं. दोन वर्षं मी गोगलगायीच्या दातांनी जेवतेय. आपली सगळी गाणीही त्यांनीच म्हणतेय. काही बिघडलं?"

"पण हाच तो, हे तुम्हाला कसं कळलं?" नेदो पुटपुटला.

"या पोरीने फोनवर सगळं सांगितलं. नाव, काम, आईचं नावसुद्धा."

नेदो मिरियाकडे वळला. "तू?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं," मिरिया म्हणाली. "मग तू ग्रोसेतो सुरू केलंस. मला वाटलं, तुमच्यात तशी काही रीत असेल."

पहिला हसला तो दुइलिओ. त्याचं हसू टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून परत आलं. बाटली उचलून त्याने नेदोचा पेला काठोकाठ भरला. "पी, ग्रोसेतोवाल्या! गोगलगाय आहेस, पण वाजवतोस झकास."

आर्मिदाने कवळी पुसून परत बसवली.

"माझा ओतेल्लो गोगलगायच होता," ती आता हळू आवाजात, फक्त त्या दोघांसाठी म्हणाली. "त्या खिडकीतल्या कुंडीत त्याच्या आळीची माती आहे. लग्न झालं तेव्हा बादलीभर घेऊन आला. म्हणाला, उद्या पोर झालं तर ही पलंगाखाली ठेवायची, म्हणजे ते आमच्या जमिनीवर जन्मलं असं होईल. पोर झालं नाही. मी जिरेनियम लावलं. दर पालिओला पिशवी भरून चार दिवस आईकडे जायचा, पाचव्या दिवशी परत. जिंकलेला असला तर नाचत, हरलेला असला तर मुकाट. पण यायचाच. आता ती माती कुणाच्या हाती सोपवू? कासव तर तिला हात लावणार नाही."

नेदोचा हात गळ्यातल्या रुमालाकडे गेला.

"ओतेल्लोने आमचा रुमाल कधी गळ्यात घेतला नाही," ती म्हणाली. "तू घेतलास. कुणासाठी घेतलास ते मला दिसलं." तिने मिरियाच्या हातावर हात ठेवला.

नेदोने रुमाल सोडला. फेकला नाही. गुडघ्यावर पसरून, टोकाला टोक जुळवून, स्वतःच्या रुमालाच्या घालायचा तशाच चार घड्या घातल्या आणि दोन्ही हातांनी आर्मिदाला परत दिला. आजवर त्याने शेकडो माणसांची तोंडं भरली होती, त्यांतलं एकही कधी आभार मानायला आलं नव्हतं. आणि आज त्यालाच आभार मानायचे होते.

"सिन्योरा," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही उजवीकडूनच चावताय. डावा सुळा खालून लागतो ना? उद्या मी… नाही, उद्या पालिओ. परवा येऊन घासून देतो. तुम्ही जिवंत असेपर्यंत मीच बघेन. पैसे घेणार नाही."

"ते बघू," आर्मिदा म्हणाली. "आधी घराचं सांग. घेणार की नाही?"

सगळं टेबल कान टवकारून बसलं. छपरांपलीकडून ढोल वाजत होता. मिरियाने काटा खाली ठेवला. तिचे ओठ नकळत हलले आणि त्यांवर कुठले दोन शब्द आलेत ते नेदोला स्वच्छ वाचता आलं: बघू या.

नेदो उभा राहिला. गुडघा टेबलाला आपटून पेला सांडला, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

"घेतो!" तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की भिंतीपलीकडे मम्मालाही ऐकू गेला असावा. "घर घेतो. मिरिया, सप्टेंबरात लग्न करू. इथेच राहू, या कासवांत, जन्मभर. कुंडीला पाणी मी घालीन." मग त्याने एकदा छपरांकडे पाहिलं, छातीशी हात नेऊन आतला रुमाल चाचपला, आणि आवाज खाली आणला. "फक्त पालिओचे चार दिवस तेवढं तू घाल. मी मम्माकडे असेन."