रंगनाथशेठच्या गोडाऊनमधली घुबडं

समोर गिऱ्हाईक उभं आहे, पाण्याच्या मोटारीचा सौदा अगदी तोंडाशी आलाय, आणि मालक गल्ला उघडा टाकून रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली मान वर करून उभा! असला धंदेवाला पाहिलाय तुम्ही? मी रोज पाहतो. बेलापुरात माझं कापडाचं दुकान आणि रंगनाथशेठचं मोटारी-पाइपांचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. त्यांचं गिऱ्हाईक तिष्ठत बसतं माझ्या बाकावर, पाणी मागतं माझ्याकडे, आणि "शेठ कुठं गेलं?" हेही विचारतं मलाच. काय सांगू? पाखरू बघायला गेलेत?

'पाखरू' हा शब्दसुद्धा शेठपुढे काढायची सोय नाही. एकदा चुकून म्हणालो, "शेठ, तारेवरचं ते हिरवं पाखरू बघा." उसळलेच. "पाखरू? तुमाला मी 'ओ मानूस' अशी हाक मारू का? नाव हाय त्याला. वेडा राघू!"

एक शेतकरी खुशीत सांगत आला, "शेठ, सकाळीच भारद्वाज दिसला. आज माजं काम व्हनार."

"तुजं व्हईल. त्याचं झालं का? त्यो सरड्यावर टपल्याला आसंल, तू मधी फटफटी घातली आसशील!"

एका जुन्या गिऱ्हाइकाने मुलीच्या लग्नाची पत्रिका आणली. शेठनी तारीख पाहिली नाही, मुहूर्त पाहिला नाही. वरच्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्यो हंस न्हाई. बदक हाय." लग्नाला गेले, पंगतीत जेवले, आणि पत्रिका छापणाऱ्याला मांडवातच गाठून सगळ्यांदेखत झापलं. नवरीचा बाप मला म्हणतो, "तुमच्या शेजाऱ्याला आवरा." जसा काही मीच त्यांना पाळलाय!

बरं, माणूस आळशी नाही. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरता भरता त्यांनी हे दुकान उभं केलं. मोटार बसवायला विहिरीवर जायचे, आणि काठच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी बघत बसायचे. तिथून हे खूळ लागलं. मग पुण्याहून दुर्बीण आली, जाडजूड पुस्तक आलं. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा म्हणतो, तेव्हापासून दुकान देवाच्या भरवशावर आहे.

यंदा मात्र कहर झाला. दसऱ्यानंतर एक दिवस त्यांचे हमाल गोडाऊनमधून पांढरेफटक होऊन बाहेर पळाले. "शेठ, माळ्यावर कोनतरी म्हातारी घोरतीया!"

शेठ शिडी लावून वर गेले आणि हसत उतरले. "म्हातारी न्हाई. गव्हाणी घुबडाची पिल्लं हायत. चार."

दुसरा कुणी असता तर झाडू घेऊन वर गेला असता. शेठनी गोडाऊनला कुलूप घातलं! पिल्लं उडेपर्यंत आत कुणी जायचं नाही. पाइपांच्या थप्प्या आल्या रस्त्यावर, म्हणजे निम्म्या माझ्या दारात. दिवाळीची खरेदी, आणि बायाबापड्या पाइपांवरून उड्या मारत माझ्या दुकानात येतायत. वर गावभर बोभाटा, शेठनी घुबडं पाळलीत.

तो बोभाटा कुठवर गेला, ते दिवाळीच्या तोंडावर कळलं. एक मोठी गाडी थांबली. आतून सोन्याची साखळी घातलेले एक साहेब उतरले. शंभर एकरांचं ठिबक करायचंय म्हणाले. मी पाइपांची तक्रार घेऊन तिथेच बसलो होतो. शेठनी चहा मागवला. निम्मा चहा झाल्यावर साहेबांनी आवाज खाली आणला. "एक काम होतं. लक्ष्मीपूजनाला एक घुबड लागतंय. महाराज म्हणालेत. तुमच्याकडं आहे म्हणे."

शेठनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. "दुकानातनं खाली उतरा."

"अहो, शंभर एकर..."

"हजार आसंना! लक्ष्मीचं वाहन म्हनता, आन् तिच्याच म्होरं त्याची मान मोडता? लाज न्हाई वाटत? उतरा!"

गाडी गेली. संध्याकाळी मुलाचा फोन आला. सौदा घालवला म्हणून तो बापावर ओरडत होता, ते भिंतीपलीकडूनही मला स्वच्छ ऐकू आलं. मीही तापलो होतो. असला सौदा कुणी घालवतं का? चार शब्द सुनावावेत म्हणून मागच्या बाजूला गेलो. शेठ गोडाऊनच्या दाराशी पाइपांच्या बंडलावर एकटेच बसले होते. अंधार पडत होता. माळ्याच्या झरोक्यातून एक पांढरं घुबड आवाज न करता बाहेर पडलं, आणि आत पिल्लांनी एकच फिसकारा सुरू केला.

"शेठ, घरी जा आता," मी म्हणालो.

"जाऊन काय करू?" ते वर बघतच बोलले. "तुमच्या वैनी हुत्या तवा उंबऱ्यातच सुरू व्हायच्या. कुठं उंडारत हुता, जेवन गार झालं, पायाला चिखल किती! लई राग यायचा मला. आता घरात शिरलं तरी कोन काय बोलत न्हाई." आत पुन्हा फिसकारा झाला. "हितं बसलं की वरून ही चौघं माज्यावर खेकसत्यात. बरं वाटतं."

मी बंडलावर त्यांच्या शेजारी टेकलो. मग म्हणालो, "आज आमच्याकडं जेवायला चला. उशीर झालाय. आमची ही दोघांनाही फैलावर घेईल."

"लई रागावत्यात का?" शेठनी विचारलं.

"लई."

शेठ लगबगीने उठले आणि माझ्यापुढे चालू लागले.