एक वर्ष, एक इंच

आमच्या संत्रा संशोधन केंद्राच्या ग्रंथालयातले डोंगरेबाबू शास्त्रज्ञांना इंचांत मोजत. पहिला शोधनिबंध छापून आला त्या वर्षापासून शेवटचा छापून आला त्या वर्षापर्यंत, वर्षाला एक इंच. फायली बांधायच्या लाल नाडीचा तेवढा भाग कपाटामागे ज्याच्या त्याच्या खिळ्यावर लोंबत सोडायचा, उरलेली नाडी वर गुंडाळून ठेवायची. माणूस थंडावला, लिहिणं संपलं, की गाठ मारून कात्री.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी नोकरीला लागलो. पहिल्याच दिवशी मी बाबूंना माझी लांबी विचारली.

"साहेब, तुमचा अजून जनम नाही झाला. छापून आलं का या."

नोकरीची वर्षं बाबू धरतच नसत. पंचवीस वर्षं खुर्ची उबवणाऱ्या संचालकांची नाडी चार इंच भरली. ते म्हणाले, "जरा ओढून मोजा."

"नाडी आहे साहेब, रबर नाही."

सगळ्यांत लांब नाडी डॉ. भुसारींची, एकवीस इंच. त्यांनी जन्मभर संत्र्याच्या झाडाची साल खाणाऱ्या अळीचा पिच्छा पुरवला. रोज चारला ते चहाला ग्रंथालयात यायचे. "मोजली का गा डोंगऱ्या?" आणि दोघं पोरांसारखे नाडीला पट्टी लावायचे.

भुसारी अचानक गेले. महिना झाला तरी गाठ पडेना. मी नियमाची आठवण करून दिली, तर बाबू उखडले. "काहून घाई करून राहिले? माणूस गेला, काम नाही संपलं."

मग रोज डाकेच्या वेळी बाबू फाटकाशी उभे. अशी दोन वर्षं गेली. आम्ही हसायचो, आज त्याची लाज वाटते.

एका दुपारी बाबू बागेतून पळत आले. एक चप्पल चिखलात राहिलेली, हातात नियतकालिक. "आलं, साहेब, छापून आलं."

भुसारींचा निबंध होता. मी विचारलं, "पण पाठवला कोणी?"

बाबू अनवाणी पायाकडं बघत म्हणाले, "त्याच्या कामाची वही माझ्यापाशी होती. टायपिंग शिकलो. तीनदा वापस आलं."

आम्ही पट्टी लावली. दोन इंच वाढले, तेवीस झाले. बाबूंचा आनंद खोलीत मावत नव्हता. नियतकालिक त्यांनी मला तीनदा दाखवलं. मग नाडीचं टोक माझ्या हातात दिलं.

"गाठ तुम्ही मारा साहेब. मले नाही जमत."

मी गाठ मारली. कात्री मात्र दोघांनीही उचलली नाही.