बिनब्रेकचे पाहुणे

जुनी गाडी कशी पारखायची, हे उभ्या भोर तालुक्यात कुणाला विचारायचं तर मलाच! म्हणजे आता नका विचारू. पण गेल्या मार्गशीर्षापर्यंत माझं स्वतःबद्दल हेच मत होतं.

मी कुंडलिक, राहणार उत्रोली. सारोळ्याच्या एका गृहस्थाकडून मी बावीस वर्षांची फोर-व्हील ड्राइव्हची जीप घेतली. घेताना पारखायचं काही बाकी ठेवलं नाही. बॉनेटात डोकं घातलं, टायरना लाथा हाणल्या, पत्र्यावर टिचक्या मारल्या, सपाट रस्त्यावर चक्कर मारून ब्रेकसुद्धा दाबला. गाडी जागच्या जागी उभी!

भोरचे मेकॅनिक फिरोजभाई म्हणाले, "कुंडलिकराव, एकदा चाकं खोलून बघू. जुन्या गाडीचं दुखणं आत असतं."

"फिरोजभाई, माझ्या नजरेतून दुखणं सुटत न्हाई!" मी म्हणालो आणि गाडी घेऊन घरी आलो.

दुसऱ्याच आठवड्यात वेल्ह्याकडच्या एका वाडीत मुलगी बघायला जायचं ठरलं. मुलगा म्हणजे माझा मेव्हणा कुमार. वय एकतीस, स्वभाव गरीब, आणि मुलीसमोर बसला की वाचा बंद! आधीच्या मुलीनं "तुम्हाला काय आवडतं?" असं विचारलं, तर ह्यानं घाम पुसून "पाणी" म्हणून सांगितलं. तिथून नकार आला. त्याच्याआधी दोन आलेच होते.

"जावईबापू, औंदा जमलंच पायजे," सासूबाई म्हणाल्या. सासूबाई म्हणजे सगुणाबाई. त्यांना आम्ही मामी म्हणतो.

"मामी, यष्टीनं नगं. जीपनं जाऊ. पाव्हण्यांवर छाप पडली पायजे!"

छाप पडली. कशी पडली ते ऐका.

वाडी उतारावरच वसलेली, आणि मुलीचं घर उताराच्या मधोमध. मी ऐटीत उतार धरला. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, तो जरा खाली गेला. दुसऱ्या वळणावर आणखी खाली. तिसऱ्या वळणावर पाय थेट पत्र्याला टेकला, जसा लोण्यात पडावा तसा!

हँडब्रेक ओढला. तो वर आला, खाली गेला, गाडीला काही कळलंच नाही. घाईघाईत पहिला गिअर टाकला. इंजिन बोंबललं, गाडीचा वेग कमी झाला, माणूस शेजारून पळू शकेल एवढा. पण थांबायचं नाव नाही!

"दाजी, ब्रेक..." कुमार पुटपुटला.

"गप बस! मामींना कळू देऊ नगंस!"

तेवढ्यात घर आलं. दारात मुलीचे वडील हनुमंतराव उभे. हातात पाण्याचा तांब्या, खांद्यावर पाव्हण्यांसाठी नवाकोरा टॉवेल. मागं अख्खी भावकी.

"या, या! उतरा!" हनुमंतराव म्हणाले.

"आलो, आलो!" मी म्हणालो आणि दारावरून पुढं गेलो.

हनुमंतराव तांब्या सावरत गाडीच्या बाजूनं पळायला लागले. "पाव्हणं, घर मागं ऱ्हायलं की!"

"व्हय, व्हय! जरा पुढं जाऊन येतो!"

"पुढं कुठं? पुढं वाडीच संपती!"

"संपू द्या! तुमी व्हा म्होरं!" म्हणजे मला म्हणायचं होतं, मागं व्हा. तोंडातून निघालं भलतंच!

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यांनी पोरगी गाडीतूनच बघितली आन् नापसंत केली!"

"आं? माझ्या पोरीत काय खोट हाय?" हनुमंतराव खवळले. तांब्यातलं पाणी निम्मं त्यांच्या धोतरावर, निम्मं माझ्या मांडीवर!

आता मात्र मामींना राहवलं नाही. "जावईबापू, थांबा की! माणसं आपल्यासाठी पळाय लागल्यात!"

"मामी, म्या थांबतोय, पर गाडी थांबंना!"

मामींनी डोळे मिटले आणि काळूबाईचा धावा सुरू केला. समोर रस्ता संपला. भाताचं कापलेलं खाचर, आणि मधोमध घराएवढी पेंढ्याची गंजी. मी स्टिअरिंग फिरवलं. जीप बांधावरून उडाली, धप्पकन आपटली आणि गंजीत बॉनेटपासून मागच्या सीटपर्यंत शिरली. थांबली!

मग पेंढ्यातून मामींचा आवाज आला, "आलं का घर?"

भावकी तावातावानं धावत आली. पण आमचे पेंढ्यानं भरलेले चेहरे बघून सगळे थबकले. त्या गर्दीतून एक मुलगी पुढं झाली. जरीची साडी, केसांत गजरा, पदर खोचलेला. हीच ती शिवानी! वाडीतले ट्रॅक्टर दुरुस्त करते, हे आम्हाला मागाहून कळलं.

"ब्रेक गेला ना?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिच्या मागं उभ्या हनुमंतरावांच्या कपाळावरची आठी तिथंच मोडली. "आरं तिच्या! म्हणून व्हय! मला वाटलं, पोरगी नापसंत!"

शिवानीनं ट्रॅक्टर आणून जीप ओढून काढली आणि साडीनिशी खाली घुसली. "ह्यो पाना धरा," ती कुमारला म्हणाली. त्यानं धरला.

"मागच्या ब्रेकचा पाइपच मुडपून बंद केलाय. पुढचा फुटलाय, त्याला पट्टी गुंडाळून वरनं काळा रंग दिलाय. सपाटीवर चाललं असंल. उतारावर सगळं तेल गळून गेलं."

"मग चाक खोलायला लागंल. आधी जॅक लावू, खाली दगड टाकू," कुमार म्हणाला.

मामींनी माझ्याकडं बघितलं, मी मामींकडं. पोरगं बोललं! एका दमात तीन वाक्यं! पुढचा तासभर तो बोलतच होता. पोहे गार झाले, चहा दोनदा तापवला, तरी दोघं जीपखालून बाहेर येईनात! हनुमंतराव पेंढ्यावर बसून खुशीत म्हणाले, "पाव्हणं, आता बघायचा कार्यक्रम वेगळा कशाला करायचा?"

संध्याकाळी आम्ही यष्टीनं परतलो. पाइप नवा आणायचा म्हणून जीप तिथंच ठेवली. काम म्हणे दोन तासांचं.

त्याला आता दीड महिना झाला! साखरपुडासुद्धा उरकला. कुमार रोज सकाळी वेल्ह्याला जातो, जीपच्या कामाला. परवा न राहवून मी फोन केला, "आरं, झाले का ब्रेक?"

"ब्रेक कवाच झाले, दाजी. पर आता वायपर चालंना."

"वायपर? त्यो तर चांगला व्हता की!"

"व्हता," कुमार हळूच म्हणाला. "म्याच काढून ठिवलाय."