चिठ्ठीवाले अप्पा

आमच्या चादर कारखान्याचे मॅनेजर एकदा स्वतःच्याच चिठ्ठीवर सही करायला दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आले होते. त्यांना तसं करायला लावलं स्टोअरकीपर शिवलिंगप्पांनी. एरवी मागणीची चिठ्ठी लिहिणारे विणाई मास्तर रजेवर, म्हणून मागणीही साहेबांची आणि मंजुरीही साहेबांचीच. अप्पा म्हणाले, "मागणारा येगळा, मंजूर करणारा येगळा. आता मास्तर म्हणून आलाव. भाईर जावा, मॅनेजर म्हणून या की!" आणि साहेब गेले हो! मी टाइमकीपर, समोरच्याच टेबलावर. वासलेला आ मिटायला मला बराच वेळ लागला.

खिळा हवा तरी अप्पांना चिठ्ठी लागे. "तेलवाल्याला तेल, मागवाल्याला धोटा. अदलाबदल न्हाय." माग बंद पडायचे, लोक शिव्या घालायचे, अप्पा शांतपणे पान जुळवायचे. औषधांच्या कपाटाला तर दोन कुलुपं. एक किल्ली अप्पांकडे, दुसरी साहेबांकडे. हीही अप्पांचीच अक्कल.

एकदा साहेब बार्शीला गेले होते. दुपारी मागवाला मल्लेशम खिडकीशी आला. त्याची बोटं मागाच्या पट्ट्यात सापडली होती. "अप्पा, पट्टी," एवढंच म्हणाला.

अप्पा रजिस्टरात डोकं घालून बसलेले. वर न बघताच म्हणाले, "चिठ्ठी?"

उत्तराऐवजी रजिस्टरवर रक्त टपकलं.

अप्पा ताडकन उठले. आपलं कुलूप काढलं आणि साहेबांच्या कुलपावर हातोडा घातला. चिठ्ठी नाही, सही नाही! दोन घावांत कडी निखळली. बोटांना पट्टी गुंडाळून त्यांनी मल्लेशमला टांग्यात घातलं आणि स्वतःही गेले. स्टोअर सताड उघडं, किल्ल्या टेबलावर. लाज वाटते, पण सांगतो, रक्त पाहून बसला नाही तेवढा धक्का मला त्या किल्ल्या पाहून बसला.

बोटं वाचली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी अप्पांची पाठ थोपटली. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता अप्पा माझ्या टेबलाशी आले.

"त्यो खिडकीत आला तवा मी पयलं काय बोललो, ऐकलाव काय?"

"नाही बा," मी थाप मारली. "मागांचा खडखडाट केवढा!"

"मल्लेशमला बी गेलं नसंल ऐकू?"

"छे!"

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"दवाखान्यात त्येनं माझा हात सोडला न्हाय," ते म्हणाले, "पर त्येला इचारायची छाती झाली न्हाय मला."