हंड्याला फुटले पाय

एसटीतून निवृत्त झाल्यावर किशनरावांनी मुकाट्यानं भजनी मंडळात जावं, एवढीच चतुराबाईंची अपेक्षा होती. पण किशनरावांनी परभणीहून हातात धरायची गॅसची टॉर्च आणली आणि ताडकळसमध्ये दिसेल ते जोडायला घेतलं. त्यांचं जोडकाम टिकायचंही, दुसऱ्या दिवसापर्यंत. शेजारच्या दिनकररावांच्या किटलीचा जोडलेला कान नेमका डेअरीच्या पायरीवर निखळला. दूध कुत्र्यांनी प्यायलं आणि बोलणी चतुराबाईंनी खाल्ली.

त्याच दिनकररावांचा बोकड रोज अंगणात शिरून चतुराबाईंचा माहेरचा तांब्याचा हंडा ढुशीनं पाडायचा. शेवटी हंडा बुडातून गळू लागला.

"मी जोडतो," किशनराव म्हणाले.

"हात लावू नका! चंद्रभान यायलाय पिंगळीहून. त्यो नेईल बाजारात."

मेव्हण्याचं नाव निघताच किशनरावांचा पारा चढला. "ह्यो जोड सुटला तर टॉर्च त्याच्या हवाली. भंगारात घालू दे!"

"खरं?"

"बिल्कुल!"

चतुराबाईंना सौदा पटला. "पण हंडा पालथा घालायचा न्हाई. माहेरचा हंडा पालथा घातला की माहेरचं पाणी आटतं."

"तुझ्या माहेरी टँकर येतो. आटणार काय? अन् बूड वर केल्याबिगर जोडू कसं?"

"ते तुमचं तुमी बघा."

मग काय, हंडा लोखंडी तिवईवर सुलटाच राहिला आणि किशनराव खाली उताणे झाले. बुडाला त्यांनी जोड धरण्यासाठी लावायचा टाकणखार सढळ हातानं फासला, छिद्राला आणि आजूबाजूलाही. एरवी ते धातू तापायच्या आत जोडाची पितळी काडी टेकवत. आज खालून धड दिसत नव्हतं, म्हणून ज्योत धरूनच राहिले. तांबं लाल झालं, काडी पाण्यासारखी वितळली आणि फटीत शिरून दिसेनाशी झाली.

चंद्रभान आला तेव्हा हंडा गार होऊन काठोकाठ भरला होता. एक थेंब गळत नव्हता.

"बघ," किशनराव म्हणाले.

चंद्रभाननं खात्री करायला हंडा रिकामा करून उचलला. तिवईही सोबत उचलली गेली.

"आक्का, हंड्याला पाय फुटले की गं!" तो इतका हसला की दिनकरराव भिंतीवरून डोकावले.

किशनरावांचा चेहरा पडला. चतुराबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माझ्या आईचा हंडा हाय ह्यो!"

"रडू नको. दाजीचा जोड हाय, फुंकरीनं सुटंल."

फुंकरीनं सुटला नाही. चंद्रभाननं तिवईवर पाय रोवून हंडा ओढला. मग दिनकररावांनी तिवई धरली, चंद्रभाननं हंडा धरला आणि दोघं अंगणभर फिरले. तिवईचा एक पाय वाकला, चंद्रभानचा सदरा बगलेत उसवला. शेवटी तो धापा टाकत खाली बसला.

"सुटंना, आक्का."

"सुटंना?" चतुराबाईंनी डोळे पुसले. "म्हंजी टॉर्च ऱ्हाईली."

सौदा म्हणजे सौदा. चतुराबाईंनी तिवईचा वाकलेला पाय सरळ करून घेतला, हंडा पुन्हा भरला. दिनकररावांनी फाटक उघडंच टाकलं होतं, तेवढ्यात बोकड आला आणि सवयीनं ढुशी दिली. हंडा हललाही नाही. बोकड दोन पावलं मागं सरला, हंड्याकडं बघत राहिला आणि मान झटकत घरी गेला.

"आवं," चतुराबाई लग्नानंतर पहिल्यांदाच असं हसल्या असतील, "लय भारी काम केलंय तुमी!"

आनंदानं किशनरावांना त्या दिवशी जेवण सुचलं नाही. चंद्रभानच्या बायकोचाही हंडा यायचं ठरलं. आठवडी बाजाराच्या दिवशी तर दारात हंडे आणि तिवया घेऊन बायका उभ्या. अडचण एकच होती. तो जोड असा बसला कसा, हे किशनरावांना अजून उमगलं नव्हतं. त्यामुळं त्या दिवशी केलं तसंच सगळं करायचं त्यांनी ठरवलं आणि टॉर्च घेऊन तिवईखाली उताणे झाले.

पहिला नंबर मालनबाईंचा होता. त्या वाकून म्हणाल्या, "दादा, उताणं कामून पडायलाव? हंडा पालथा घातला की झालं."

"पालथा?" किशनराव खालून गंभीरपणे म्हणाले. "अन् माहेरचं पाणी आटलं, मग?"

चतुराबाईंनी पदर सावरला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.