अध्यक्षांचं एक मत

फोनवर बोलायला कोट घालून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि तोही मे महिन्यात. नाशिकची हवा थंड असं जे बाहेरचे लोक म्हणतात, त्यांनी माझ्या टेलिफोन बूथच्या केबिनमध्ये मे महिन्यात दहा मिनिटं बसून दाखवावं. पंखा नाही, खिडकी नाही, दार लावलं की आत फक्त फोन आणि घाम. त्या प्लायवूडच्या खोक्यात सोनांबेकर सर काळा कोट आणि टाय घालून शिरत, आणि तासाभरानं बाहेर येत तेव्हा रामकुंडात बुडी मारून आल्यासारखे दिसत.

"सर, पलीकडच्यांना कुठं दिसतंय?" मी पहिल्याच खेपेला विचारलं होतं.

"त्यांना नाही दिसत हो आहेर," रुमालानं मान पुसत सर म्हणाले, "पण मला माहीत असतं ना! सभा आहे. अध्यक्षानं काय सभेला बनियनवर बसायचं?"

ही गोष्ट मोबाइल फक्त बिल्डरांच्या कमरेला लटकत असे तेव्हाची. मी चांदवडहून कांद्याची शेती भावावर सोपवून नाशिकला आलो होतो आणि कॉलेज रोडला पिवळ्या पाटीचं बूथ टाकलं होतं. दोन केबिन, एक फॅक्स, एक झेरॉक्स. सोनांबेकर सर जवळच राहायचे. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरी फोन होता, पण तो कायम आजारी. म्हणून त्यांच्या सभा माझ्याकडे भरत.

सभा कसली? तर आंतरराष्ट्रीय शैवाक विज्ञान अकादमीची. शैवाक म्हणजे आपलं दगडफूल. खडकावर, झाडाच्या सालीवर वाढतं ते. जगभरचे विद्वान त्याचा अभ्यास करतात, त्यांची एक अकादमी आहे, तिची घटना आहे, कार्यकारी मंडळ आहे, आणि त्या मंडळाचे अध्यक्ष नाशिकच्या कॉलेज रोडला राहतात, हे मला कळलं त्या संध्याकाळी मी दुकान बंद करायचंच विसरलो.

घरी सांगितलं तर बायको, मंदा, भाकरी थापता थापता थांबली.

"मसाल्यात घालते त्या दगडफुलाचा अध्यक्ष? असा कुठं अध्यक्ष असतो व्हय?"

"बारा देशांचा आहे."

"बारा देशात मसाला करत्यात?"

पुढं सर एकदा घरी जेवायला आले, तेव्हा तिनं मसाल्याचा डबाच त्यांच्यापुढं ठेवला. परीक्षाच घ्यायची होती तिला. सरांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, दगडफुलाचे तुकडे तळहातावर घेतले आणि आमटी निवेपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, "मंदाताई, तुमच्या डब्यात दोन वेगळ्या जाती सुखानं नांदतायत. आमच्या अकादमीत हे अजून जमलेलं नाही." त्या दिवसापासून मंदा सरांची झाली.

आता सर अध्यक्ष कसे झाले ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं होतं. अकादमीत दोन तट. एक म्हणे, दगडफुलाची जात डोळ्यांनी बघून ठरवावी. दुसरा म्हणे, प्रयोगशाळेत त्यातली रसायनं तपासून. दोघं एकमेकांचा उमेदवार पाडत राहिले. शेवटी ज्याच्याशी कुणाचंच भांडण नाही असा माणूस हुडकत हुडकत ते नाशिकला येऊन पोचले. "दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो तिसरा मी," असं सर हसून सांगत. पण लाभ कसला? बाकीचे संध्याकाळी पंचवटीत फिरायला जात आणि हे माझ्या खोक्यात घाम गाळत.

परदेशातलं कार्यालय एकेका सभासदाला फोनवर जोडून घेई. मग सर उभे राहत. केबिनमध्ये उंच माणसाला नीट उभं राहता येत नसे, म्हणून मान तिरकी करून उभे राहत. आधी हजेरी, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग विषय. माझं इंग्रजी रेटून चालवण्यापुरतंच, पण काचेतून मला त्यांचा चेहरा दिसे. पलीकडं कुणी आवाज चढवला की सर आपला आवाज खाली आणत. इतका खाली, की पलीकडच्याला ऐकण्यासाठी गप्प बसावंच लागे. सभा संपली की कोट काढून माझ्या स्टुलावर बसत, अर्धा कप चहा घेत आणि झालेलं सगळं मराठीत सांगत. मला वाटतं, मी त्या काळात नाशिकमधला सर्वांत माहितगार बूथवाला असेन.

एकदा मोठी पंचाईत झाली. घोटीचे तांदळाचे व्यापारी रोकडे शेठ शेजारच्या केबिनमध्ये शिरले. शेठचा आवाज असा, की त्यांनी घोटीहून हाक मारली असती तरी नाशिकला पोचली असती, फोन उगाच. "काय भाव म्हणतो? अरे, डोकं फिरलंय का तुझं? नाय परवडत! लिहून घे, नाय परवडत!" मधे नावाला प्लायवूड. बारा देशांत शांतता पसरली. कुणीतरी विचारलं, हे कोण सभासद बोलतायत? सरांना खोटं बोलवेना आणि सभेचा मान तर राखायचा होता. ते म्हणाले, "स्थानिक निरीक्षक." पुढच्या आठवड्यात फॅक्सवर इतिवृत्त आलं. त्यात रीतसर नोंद होती की वर्गणीवाढीच्या विषयावर एका निरीक्षकानं तीव्र विरोध व्यक्त केला, सबब विषय पुढं ढकलण्यात आला. शेठना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी त्याची झेरॉक्स काढून गादीमागं लावली.

सरांची एक युक्ती मात्र मी आजही वापरतो. दोन म्हातारे प्राध्यापक दगडफुलाच्या एका जातीच्या नावावरून वर्षानुवर्षं भांडत होते. सर म्हणाले, दोघांनीही आता आपलं म्हणणं मांडायचं नाही, समोरच्याचं मांडायचं. तो "हो, हेच माझं म्हणणं" असं कबूल करेपर्यंत मांडत राहायचं. तीन सभा गेल्या त्यात, पण भांडण मिटलं. मी कौतुकानं मंदाला सांगितलं, तर तिनं लगेच आमच्यावरच प्रयोग लावला. दिवाळीला चांदवडला जायचं की बूथ उघडं ठेवायचं, असा वाद चालू होता. "सांगा बरं, माझं म्हणणं काय हाय?" मी सांगत गेलो, ती "नाय, हे नाय" म्हणत गेली. शेवटी ती "हां, हेच" म्हणाली तोवर मलाच ते पटलं होतं. चांदवडला गेलो.

रविवारी सर अंजनेरीच्या कातळावर पालथे पडून भिंगातून दगड बघत. आधी त्यांच्या पत्नी सुमनताई बरोबर असत, पाण्याची बाटली आणि छत्री धरून. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. सर त्याविषयी चकार शब्द काढत नसत आणि विचारायची माझी छाती नव्हती.

आणि मग तो कार्यालयाचा विषय निघाला.

अकादमीला स्वतःचं कायमचं कार्यालय हवं होतं. तोवर ते उत्तरेकडच्या एका थंड देशात, एका विद्यापीठाच्या दोन खोल्यांत चालत होतं. काही सभासद म्हणाले, दगडफुलं डोंगरात आणि कार्यालय बर्फात, हे कशाला? सह्याद्री जवळ असलेलं नाशिक काय वाईट? सरांनी आपल्या बंगल्याचा तळमजला देऊ केला. जगभरचे नमुने इथं येतील, अभ्यासक येऊन राहतील, अंजनेरीला जातील. मी सरांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. चहा गार व्हायचा आणि सर सांगत राहायचे, कपाटं कुठं ठेवायची, डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोली बोलणारा वाटाड्या पेठहून कसा बोलवायचा, परदेशी माणसाला आपलं वरण सोसेल का. बंगल्यात सुताराची ठोकठोक सुरू झाली. ठराव अजून मंजूर व्हायचा होता, पण सर म्हणत, ऐनवेळी धावपळ नको.

मतदानाच्या संध्याकाळी मंदा पेढे घेऊन बूथवर आली. रोकडे शेठही आले, निरीक्षक या नात्यानं. मी दुसरी केबिन बंदच ठेवली. सर कोट घालून आत गेले, मान तिरकी करून उभे राहिले आणि एकेक नाव पुकारू लागले. आम्ही काचेला नाक लावून बघत होतो. सरांनी एका कागदावर डावीकडं-उजवीकडं रेघा ओढल्या. शेवटचं नाव झालं. सर त्या कागदाकडं बघत राहिले.

निम्मी मतं नाशिकला, निम्मी तिकडं.

आता अकादमीचा नियम मला पाठ झाला होता. खुर्चीला एरवी मत नसतं. समसमान झालं तरच अध्यक्षानं एक मत द्यायचं आणि तेच निर्णायक. म्हणजे सगळं सरांच्या जिभेवर आलं होतं. शेठनी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा सोडला.

सर बोलले. दोनच वाक्यं. मग सभा रीतसर संपवली, आभार मानले, फोन ठेवला आणि बाहेर आले.

"जैसे थे," ते म्हणाले. "कार्यालय आहे तिथंच राहील."

मंदाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भडकली. "म्हंजी? सर, तुमच्या हातात हुतं ना?"

"होतं."

"मग?"

"रीत अशी आहे मंदाताई, की निम्मी सभा एकीकडं आणि निम्मी दुसरीकडं असेल, तर खुर्चीनं नवीन काही लादायचं नाही. आहे तसं ठेवायचं. निम्म्यांना नको असलेली गोष्ट एकट्यानं करायची नाही."

"लिहिलेलं हाय का तसं कुठं?" शेठनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला.

"नाही. लिहिलेलं नाही. पाळायचं असतं."

"अहो, मग कोण बोललं असतं तुम्हाला?"

"कुणीच नाही," सर म्हणाले. "पण घर माझं, खुर्ची माझी, वर मतही माझं. मग अकादमी कुणाची राहिली असती?"

मी खूप पुढारी पाहिलेत. सोसायटीचं चेअरमनपद मिळालं म्हणून पुतण्याला चिकटवणारे पाहिलेत, बाजार समितीत एका मतासाठी रात्रीत जावई झालेले पाहिलेत. असा माणूस पाहिला नव्हता. हातात आलेलं, कुणी हरकत घेणार नाही असं, हवंहवंसं काही, केवळ रीत म्हणून खाली ठेवणारा. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. पेढा मात्र सरांनी स्वतः मागून घेतला. म्हणाले, सभा सुरळीत पार पडली, तोंड गोड करायला हरकत नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस सर आले नाहीत. एक फॅक्स येऊन पडला होता, तो द्यायच्या निमित्तानं मी संध्याकाळी त्यांच्या बंगल्यावर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होतो.

तळमजला तयार होता. नवीन कपाटं, पॉलिशचा वास. पण मी थबकलो ते पलीकडची खोली बघून. तिथं चार खाटा मांडलेल्या. प्रत्येकीवर धुतलेली चादर, मच्छरदाणी बांधलेली, उशाशी तांब्या आणि भांडं. खिडकीखाली येणाऱ्यांसाठी रबरी चपला. सरांनी हे सगळं एकट्यानं केलं होतं. सर स्वयंपाकघरातून बाहेर आले, हाताला हळद लागलेली.

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "सर, पुढल्या वर्षी पुन्हा ठराव मांडता येईल की."

"येईल. कुणी मांडला तर येईल." ते एका खाटेच्या कडेवर बसले. चादरीची घडी हातानं सारखी करत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आहेर, तुम्हाला म्हणून सांगतो. दगडफुलांचं काही अडलेलं नव्हतं हो. ती बर्फातही सुखात आहेत. मलाच कुणीतरी यायला हवं होतं. सुमन होती तेव्हा हे घर कधी रिकामं नसायचं. विद्यार्थी यायचे, राहायचे, जेवायचे. आता फाटक वाजतं ते फक्त दूधवाल्यासाठी. मला वाटलं, कार्यालय आलं की माणसं येतील. कुठल्याही देशातली चालली असती."

मत देताना हे सगळं त्यांना ठाऊक होतं. या खाटा मांडून झाल्या होत्या, आणि तरी ते केबिनमध्ये मान तिरकी करून उभे राहिले आणि "जैसे थे" म्हणाले.

आत गॅसवर पातेलं खदखदत होतं. केवढं मोठं पातेलं! मी झाकण उचललं तर खिचडी, पंगत बसेल इतकी.

"एवढी कुणाला, सर?"

ते ओशाळले. "एकट्यापुरतं अजून जमत नाही. हात सवयीनं जातो."

"मग थांबा," मी म्हणालो. "मंदाला आणि पोरांना घेऊन येतो. आज इथंच जेवतो आम्ही. आणि हे विचारून नाही, सांगून चाललोय."

मी स्कूटरला किक मारली, फाटकाबाहेर वळलो, तेवढ्यात मागून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. बारा देशांच्या सभेत ज्यांचा आवाज मी कधी कापरा झालेला ऐकला नव्हता, ते सोनांबेकर सर धापा टाकत फाटकापाशी उभे होते, हातात खिचडीचा डाव घेऊन.

"आहेर," ते म्हणाले, "मुलं तिखट खातात का हो?"